नकली तेलाचं साल

मीनल शाळेतून लंगडत आली. कबड्डी खेळताना तिचा घोटा मुरगळला होता. मी फ्रीजमधून बर्फाचा ट्रे काढला, ओट्यावर आपटला आणि दोनचार खडे सोडवून बाहेर आले, तोवर आत्याबाईंनी भिंतीतल्या देवळीतली बाटली काढली होती, वाटीत जवसाचं तेल घेतलं होतं, त्यात चार थेंब सोडले होते आणि नातीचा पाय मांडीवर घेऊन चोळायला सुरुवातही केली होती. बर्फ माझ्या हातातच वितळायला लागला. या घरात लग्न होऊन आले तेव्हापासून कुणाचंही दुखणं वेळेवर माझ्या हाती लागलेलं नाही. माझ्याआधी तिथे तिखाडीचं तेल जाऊन पोचलेलं असतं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामाजी म्हणायची रीत आहे. मामाजी ओसरीवर खुर्चीत बसून लांबूनच नाक वर करून वास घेत होते. तेल औंदाचं होतं, परवाच भट्टीवरून आलेलं. पाऊस सरला, आभाळ धुऊन निघालं, दुपारचं ऊन पुन्हा चावायला लागलं की आमच्या कारंजा गावात हा वास येतो म्हणजे येतोच. गुलाब आणि आलं एकाच पाट्यावर वाटावं आणि पाटा न धुताच ठेवून द्यावा, असा तो वास. लोक त्याला सुगंध म्हणतात. म्हणोत बापडे. माझ्या पोटात मात्र इतक्या वर्षांनंतरही आधी एक कळ उठते आणि मग माझं मलाच हसू येतं.

तिखाडी हे गवत. कारंज्याच्या आसपासच्या टेकाडांवर, जंगलाच्या कडेकडेने ते आपोआप वाढतं. पावसाळाभर त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. दसऱ्याच्या सुमाराला त्याला तांबूस तुरे येतात आणि मग कापणी सुरू होते. नाल्याच्या काठावर भट्टी लागते. मोठ्या हंड्यात गवत दाबून भरायचं, खाली जाळ, वर झाकण लिंपलेलं, आणि झाकणातून निघालेली नळी नाल्याच्या गार पाण्यातून फिरवलेली. वाफ थंड होते आणि नळीच्या तोंडाशी ठेवलेल्या भांड्यात पाण्यावर तेलाचा पातळ पिवळा थर जमतो. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मला ती भट्टी दाखवायला नेलं होतं. इतर नवरे नागपूरला सिनेमाला नेतात. आमचे हे मला गवत उकळताना दाखवायला घेऊन गेले. भट्टीवाल्याने हातावर एक थेंब टाकला. त्या वेळी मला तो वास आवडला होता, हे मुद्दाम सांगून ठेवते.

मी समुद्रपूरकडची. आमच्याकडे काळी माती आणि कापूस. कापसाला वास नसतो. आमच्या घरी डोकं दुखलं तर गोळी, ताप आला तर डॉक्टर, आणि काहीच कळलं नाही तर झोप, इतकी साधी व्यवस्था होती. इथे आले तर एका बाटलीत अख्खा दवाखाना. गुडघे धरले, तिखाडी. कंबरेत चमक भरली, तिखाडी. केस गळतात, तिखाडी. खाज सुटली, सर्दी झाली, थकवा आला, सगळ्याला तिखाडी; कुठे जवसाच्या तेलात, कुठे तिळाच्या, तर कुठे उकळत्या पाण्यात. डासांसाठी कंदिलाच्या काचेला कापसाचा बोळा लावायचा. बैलाच्या खांद्याला जू लागलं की तिथे, आणि म्हशीवर माश्या बसतात म्हणून म्हशीलाही. एकदा आमचं घड्याळ बंद पडलं तेव्हा आत्याबाईंनी बाटली काढली होती. यांनी हात धरला म्हणून घड्याळ वाचलं.

खरं सांगायचं तर त्यातलं बरंचसं खरंही असेल. गुडघ्याला ते लावल्यावर ऊब येते, हे मीही मान्य करते. माझी तक्रार तेलाशी नव्हतीच. तक्रार होती ती विचारण्याआधीच चोळण्याशी.

आणि या सगळ्या तेलाचे अधिपती म्हणजे मामाजी. हायवेवर आमचं किराणा दुकान, मागच्या बाजूला घर, मध्ये फक्त एक दार. ढाब्यावर जेवायला थांबलेले ट्रकवाले आवर्जून आमच्या दुकानात यायचे. "सेठ, वो कमरवाला तेल देना." दिवसदिवस स्टिअरिंग धरून कंबर मोडलेली माणसं ती. मामाजी त्यांना बाटली देताना अर्धा तास उपदेशही द्यायचे आणि तोही आमच्या खास हिंदीत. कोण काय भेसळ करतो, रॉकेल कसं ओळखायचं, हे सगळं त्यात यायचं. त्यांची परीक्षा ठरलेली होती. वर्तमानपत्राच्या कडेच्या कोऱ्या पट्टीवर एक थेंब टाकायचा आणि कागद उन्हात धरायचा. खरं तेल उडून जातं, कागद होता तसा कोरा राहतो. डाग उरला की समजायचं, आत दुसरं काहीतरी आहे. पण ही परीक्षा दुसऱ्यांसाठी. त्यांना स्वतःला कागद लागायचा नाही. बूच उघडलं, नाक नेलं आणि निकाल दिला. कारंज्यात कुणाच्या तेलावरून भांडण झालं तर बाटली आमच्या दुकानात यायची. मामाजींच्या नाकाला त्या पंचक्रोशीत पंचाचा मान होता आणि तो मान ते टोपीइतकाच जपायचे.

तर ते साल. नव्वदीतलं मधलं कुठलंसं. आदल्या उन्हाळ्यात माझा पहिला गर्भ टिकला नव्हता. त्या वेळी मी दुसऱ्याच महिन्यात आनंदाने आत्याबाईंना सांगून टाकलं होतं, आणि आत्याबाईंना सांगणं म्हणजे कारंज्याच्या बाजारात दवंडी पिटणं. पेढे झाले, शेजारणी येऊन गेल्या, कुणी टोपडं शिवायला घेतलं. मग एका दुपारी भाड्याच्या जीपमधून मला सेवाग्रामला न्यावं लागलं. हे एसटीत कंडक्टर, त्या दिवशी ड्युटीवर होते. सोबत आत्याबाई आणि मामाजी. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर मामाजी टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते, तेवढं मला आठवतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं कधीकधी, कुणाचा दोष नाही. घरी आल्यावर मात्र दोष वाटायला अख्खी गल्ली आली. "लवकर सांगतलं न, म्हून नजर लागली," असं माझ्या तोंडावर म्हणून बायका चहा पिऊन गेल्या. ते टोपडं कुणी परत नेलं नाही. कितीतरी दिवस ते खुंटीला होतं.

म्हणून पोळ्यानंतर दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी तोंडाला कुलूप लावलं. यांना सांगितलं आणि शपथ घातली. माहेरी जाऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "तीन महिने सरेपावतर कोनाले सांगजो नोको. आन गरम काई खाजो नोको, आंगाले लावजो नोको. थे तुमचं तिखाडीचं तेल तं अजाबात नोको. लय गरम असते थे." हे शास्त्रात कितपत बसतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं, आताही नाही. पण एकदा हात पोळलेल्या बाईला शास्त्र विचारायची हिंमत नसते. मला एवढंच कळत होतं की हे मूल मला हवं होतं, आणि त्यासाठी तीन महिने त्या तेलापासून लांब राहायचं होतं. तेही तिखाडीच्या हंगामात, आमच्या घरात.

त्यात माझ्या पोटानेही वैर धरलं. बाकी सगळं चालायचं, फोडणी चालायची, लसूण चालायचा. तिखाडीचा वास आला की मात्र उलटी. आणि वास कुठे नव्हता? संध्याकाळी मामाजी ओसरीवर धोतर वर खोचून गुडघे चोळायला बसत. आत्याबाईंच्या पदराला तो वास, उशीच्या अभ्र्याला तोच. दुकानातून येणाऱ्या साखरेलासुद्धा मला तो वास येई. मी दिवसातून कितीदा न्हाणीकडे धावायची याचा हिशेब राहिला नव्हता.

खोटं बोलायलाही पूर्वतयारी लागते. माझी नव्हती. आत्याबाईंनी विचारलं, "काऊन व, तोंड काऊन असं सुकलं तुयं?" मी म्हणाले, "डोस्कं दुखून राह्यलं." वाक्य पुरं व्हायच्या आत कपाळावर तेल. त्या वासाने उलटी झाली. उलटी झाली म्हणून आत्याबाई घाबरल्या. तेवढ्यात हे ड्युटीवरून आले आणि बायकोला वाचवायच्या थाटात म्हणाले, "पित्त झालं असन तिले." पित्तावर आमच्याकडे बेंबीभोवती तिखाडी लावतात! मी यांच्याकडे असं पाहिलं की पुढचे दोन दिवस हे डेपोतच झोपले. "मीच लावते आत्याबाई, द्या," म्हणून मी वाटी घेऊन न्हाणीत गेले आणि तेल मोरीत ओतलं. मग तर मोरीलाच तो वास लागला. पुन्हा उलटी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. ज्या तेलाने ओकारी येत होती त्याच तेलाने ती थांबवायचा कारखाना घरात जोरात चालू होता आणि मला तोंड उघडायची सोय नव्हती. झोप लागत नाही म्हणावं तर तळपायाला तेल. काही होत नाही म्हणावं तर "मंग कायले अशी पिवळी पडून राह्यली?" म्हणून हातापायाला तेल. मला वाटायचं, जोरात ओरडावं, की अहो, मला काही झालेलं नाही, मला मूल होणार आहे! आणि मग खुंटीवरचं ते टोपडं आठवायचं.

एका सकाळी सहन झालं नाही तेव्हा मी परसात कडब्याच्या गंजीमागे जाऊन वाकले. त्याच वेळी मामाजी हातात लोटा घेऊन मागच्या दाराने बाहेर आले. सुनेने सासऱ्यासमोर असं दिसणं म्हणजे त्या काळी धरणी दुभंगावी असाच प्रसंग. मी डोक्यावरचा पदर सावरू की तोंड पुसू? ते थांबले. मोठ्याने खाकरले आणि लोटा घेऊन तसेच माघारी गेले. त्या खाकरण्याचा मला भयंकर राग आला. माणूस मरायला टेकलंय आणि यांचं आपलं खाकरणं! आमचं बोलणं तेव्हाही थेट नसायचंच. मी चार हात अंतरावर उभी असले तरी ते आत्याबाईंना म्हणत, "सूनबाईले म्हना, चहा टाकाले."

त्यानंतर हळूहळू मला जरा बरं वाटायला लागलं. आत्याबाई लावायच्या थांबल्या नव्हत्या, कपाळ आणि तळपाय चालूच होते; पण उलट्या कमी झाल्या. मी मनाशी म्हटलं, महिने पुढे सरकताहेत, होतं असं. मामाजी ओसरीवर गुडघे चोळायला बसेनासे झाले होते. मी देवाचे आभार मानले. ते काठी घेऊन चालायला लागले होते, उठताबसता "आई गं" म्हणत होते. मला वाटलं, नाटकं. दुकानाच्या दारातून कधी ऐकू यायचं, "सेठ, कमरवाला तेल?" आणि मामाजींचा आवाज, "औंदा नहीं है भाई. माल बराबर नहीं आया." ऐन हंगामात! मला त्यातही काही वावगं वाटलं नाही. आपल्या पोटात जीव असला की बाकी जगाचं फार लांबून ऐकू येतं.

कुरकुर केली ती आत्याबाईंनी. "औंदाचं तेल झोंबत नाई जी," त्या म्हणायच्या. "वासबी उतरला त्याचा."

"तुया हाताची कातडी जाड झाली असन," मामाजी म्हणायचे.

"कातडी माई का नाक तुमचं?"

यावर मामाजी पेपर वाचायला घेत.

मग दिवाळी आली. नरक चतुर्दशीच्या आंघोळीची मला दसऱ्यापासूनच धास्ती होती. त्या दिवशी आमच्या घरी तिळाच्या तेलात तिखाडी घालून, वाटी निखाऱ्यावर कोमट करून, लहानथोर सगळ्यांना डोक्यापासून पायापर्यंत रगडून काढतात. रोजचं तेल मोरीत ओतता येतं, दिवाळीचं कुठे ओतणार? वर्षाचा सण, सून तेलाला नाही म्हणते म्हटल्यावर काय अर्थ निघेल? तीन महिने भरायला थोडेच दिवस उरले होते. मी पहाटे उठून अंगणात पाटावर बसले. समोर पणत्या, चुलाणावर पाणी, रांगोळी, आणि आत्याबाई वाटी घेऊन येताहेत. मी डोळे मिटले, श्वास धरला आणि पोटावर हात घट्ट ठेवला.

तेल डोक्यावर पडलं. किती वेळ श्वास धरणार? सोडला. वास आलाच नाही.

मी डोळे उघडले तर आत्याबाई आपला तळवा नाकाशी धरून उभ्या. एकदा हुंगला, दुसऱ्यांदा हुंगला. मग त्या घरात गेल्या, कालचा पेपर आणला, त्याच्या कडेवर बाटलीतला थेंब टाकला आणि कागद चुलाणाच्या धगीवर धरला. डाग पसरत पसरत हाताएवढा झाला.

"अवो!" आत्याबाईंचा आवाज हायवेच्या पलीकडे गेला असेल. "हे निस्तं गोडं तेल हाय! तिखाडी नाईच याच्यात! फसवलं आपल्याले!"

मामाजी काठी टेकत बाहेर आले. यांना वाटलं आग लागली, हे बनियनवर धावत आले. शेजारचे लोक आंघोळी सोडून भिंतीवरून डोकावायला लागले.

"त्या भट्टीवाल्याले जाऊन इचारतेच मी आता," आत्याबाई म्हणाल्या. "सणासुदीचं नकली तेल देते आमाले?"

"त्याले काई बोलजो नोको," मामाजी म्हणाले. "त्याचा काई दोष नाई. डबा मीच पाह्यला नाई नीट. दुसऱ्याच मानसाकून घेतलता. मीच फसलो."

भिंतीवरची डोकी एकमेकांकडे पाहायला लागली. मामाजी फसले! ज्यांच्या नाकावर अख्ख्या बाजाराचे निवाडे होत, ते गोड्या तेलाला तिखाडी समजून घरी घेऊन आले. भाऊबीज व्हायच्या आत ही बातमी गावभर झाली. बाजारात एकाने त्यांच्यासमोर गोड्या तेलाची बरणी धरली आणि म्हणाला, "सेठ, सुंगून सांगा बरं, खरं हाय का खोटं?" मामाजी हसले म्हणे. पुढच्या वर्षीपासून लोकांनी भांडणाच्या बाटल्या आमच्या दुकानात आणणं बंद केलं.

आणि मी? मी पाटावर केसांतून तेल निथळत बसले होते आणि मनातल्या मनात त्या भेसळ करणाऱ्याला उदंड आयुष्य चिंतत होते. इतके दिवस माझ्या कपाळावर आणि तळपायावर गोडं तेल होतं! मला रडूच फुटलं. आत्याबाईंना वाटलं, सण नासला म्हणून सून रडते.

तीन महिने भरल्यावर मी आत्याबाईंना सांगितलं. त्या पहिल्यांदा हसल्या, मग रडल्या, मग चिडल्या. "अव मंग पह्यलेच काऊन नाई सांगतलं व? मी तुले गरम तेल चोळून राह्यली होती! थे नकली निंगालं म्हून बरं, नाई तं काय झालं असतं?" आणि देवासमोर जाऊन त्यांनी दिवा लावला. "देवानंच नकली तेल धाडलं माय," त्या म्हणाल्या. सगळं श्रेय देवाला गेलं आणि मामाजींना शिल्लक राहिली ती नुसती फजिती.

मीनल माहेरी झाली, भर उन्हाळ्यात. तिला घेऊन मी कारंज्याला परतले तेव्हा पाऊस सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. दमट हवा, भिंतींना ओल. संध्याकाळी मी पोरीला घेऊन ओसरीच्या दाराशी आले आणि तो वास आला. तोच, जुना, गुलाब आणि आलं. मामाजी धोतर खोचून गुडघे चोळत बसले होते. त्यांचे गुडघे एवढे सुजलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

आत्याबाई आतून धावत आल्या. "हे कुठचं तेल जी? औंदाची तं भट्टीबी लागली नाई अजून."

"मागच्या सालचं हाय."

"मागच्या सालचं तं नकली होतं!"

मामाजी हातातलं तेल गुडघ्यावर जिरवत राहिले. मग म्हणाले, "वावरातल्या गोठ्यात ठेवलं होतं. डबा भरून हाय अजून."

"गोठ्यात? कायले?"

या खेपेला त्यांनी पेपरही हातात घेतला नाही. मी दारात उभी होते आणि माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर जाऊन बसत होती. कडब्याची गंजी. ते खाकरणं. ओसरीवरून नाहीसं झालेलं तेल, काठी, "औंदा माल बराबर नहीं आया". घरातली बाटली त्यांनीच रिकामी करून गोड्या तेलाने भरली होती, आणि खरं तेल, दुकानातलंसुद्धा, उचलून वावरात नेऊन ठेवलं होतं, वास घरापर्यंत येऊ नये म्हणून. अख्खा हिवाळा हा माणूस सुजल्या गुडघ्यांनी लंगडला होता.

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीकडे पाहत आत्याबाईंना म्हणाले, "सूनबाईले म्हना, पोरीले आत घेऊन जाय. वास उग्र हाय."

आत्याबाईंना याचा अर्थ लागला नाही. त्यांनी ठरवून टाकलं, की त्या फसव्या मालात एखादा डबा चुकून चांगला निघाला असेल, आणि नाक गेलेल्या नवऱ्याला तोही ओळखू आला नाही म्हणून त्याने तो गोठ्यात टाकला असेल.

मला या माणसाचा तेव्हाही राग आला आणि आजही येतो. एक शब्द बोलायला काय हरकत होती? पण बोलणार कुणाशी? आत्याबाईंना सांगितलं असतं तर पुन्हा पेढे, पुन्हा टोपडं, पुन्हा गल्ली. माझ्याशी बोलायची रीत नाही. मुलाशी असलं बोलायला बापाची जीभ रेटत नाही. मी तोंड मिटून बसलेली, हे शपथेत अडकलेले, मामाजी रिवाजात. आम्ही सगळी एकाच छपराखाली, एकाच पोराची वाट पाहत, एकमेकांशी लपंडाव खेळत होतो. तो मूर्खपणा आठवला की मला आजही पातेलं आपटावंसं वाटतं. आणि पातेलं हातात घेतलं की त्यांचे ते गुडघे आठवतात. मग मी ते हळूच खाली ठेवते.

पण मी तरी कुठे बोलले? मीनल रांगायला लागली, चालायला लागली, शाळेत जायला लागली. मामाजींचं आणि माझं थेट बोलणं सुरू झालं, डोक्यावरचा पदर खांद्यावर आला, घरात फोन आला, फ्रीज आला. ट्रकवाले आता फवारा मारायची डबी घेतात. तिखाडी मागणारा क्वचित कुणी म्हातारा सरदारजी. आमच्या घरात मात्र दरवर्षी दसरा आला की नवी बाटली येते आणि बाटली आली की आत्याबाईंचा तो जुना टोमणाही येतो. मामाजी तो गिळतात. दरवर्षी मला वाटतं, या वर्षी सांगून टाकावं. दरवर्षी मामाजी बरोबर त्याच वेळी खाकरतात.

आज मात्र मीनलने विषय काढला. पाय चोळून घेता घेता तिने विचारलं, "आजी, हे खरं तेल आहे का? आमच्या वर्गातली एक जण म्हणते, बाजारात सगळं डुप्लिकेट मिळतं."

"तुया आजोबानं आनलं, म्हंजे कागदावर पाह्यल्याबिगर मी काई सांगत नाई बाप्पा," आत्याबाई म्हणाल्या. "त्यायच्या नाकावर जाऊ नोको. तू पोटात होती न, त्या साली दिवाळीले निस्तं गोडं तेल घेऊन आले होते. सारा गाव हासला."

मीनल हसली. "खरंच आजोबा? तुम्ही फसले?"

"हो, फसलो," मामाजी म्हणाले. त्यांनी पेपरची कड फाडली, खुर्चीतून वाकून बाटलीतला थेंब त्या पट्टीवर टाकला आणि ती ओसरीच्या कडेला, उन्हात धरली. आम्ही सगळ्या पाहत राहिलो. थेंब आधी काळसर दिसला, मग कडांनी आटत गेला, आणि पट्टी पुन्हा कोरी झाली.

"औंदाचं खरं हाय," आत्याबाई म्हणाल्या. "त्या सालचा डाग पाहाले पायजे होता पोट्टे तू. एवढा!"

माझ्या हातातल्या बर्फाचं पाणी कोपरापर्यंत ओघळलं होतं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्याबाई, त्या साली मामाजी फसले नव्हते."

आत्याबाईंचा हात मीनलच्या घोट्यावर थांबला. मीनल माझ्याकडे पाहायला लागली. मामाजींना अलीकडे कमी ऐकू येतं. फोन वाजतो ते कळत नाही, दारावरची हाक कळत नाही. हे मात्र त्यांना पहिल्या खेपेलाच ऐकू गेलं. त्यांनी कागदाची पट्टी चुरगळली, खाकरले, आणि माझ्याकडे सरळ पाहत म्हणाले,

"सूनबाई, तुले तेलातलं काय समजते? जाय, बर्फ आन दुसरा. पोट्टीचा पाय सुजून राह्यला."